पागेत पाऊल टाकण्यापूर्वी

शिवाजी महाराजांच्या उपलब्ध पत्रांत एक पत्र घोड्यांच्या दाणावैरणीचे आहे. पावसाळ्यासाठी चिपळूणच्या बाजूला छावणी करून राहिलेल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना ते १६७०च्या दशकात लिहिले गेले. पागेसाठी कष्टाने दाणा आणि गवत जमवले आहे. ते आताच मनाला येईल तसे उधळलेत तर ऐन पावसात काही उरणार नाही, घोडे उपाशी मरतील आणि ते तुम्हीच मारल्यासारखे होतील, असा त्याचा आशय. मग उपाशी शिपाई कुणब्यांच्या घरात शिरतील, ही भीती त्यात आहेच. पुढे तर अगदी बारीक तपशील येतो. गवताजवळ कोणी चूल पेटवील, कोणी चिलीम ओढील, कोणी रात्री दिवा तसाच जळता ठेवील आणि उंदीर पेटती वात तोंडात धरून गंजीत शिरेल, अशी सगळी शक्यता लिहिणाऱ्याने धरलेली आहे.

आपण हे पत्र रयतेच्या काळजीचा पुरावा म्हणून वाचतो, आणि ते तसे आहेच. घोडा पाळणारा माणूस मात्र ते वाचताना दुसऱ्याच कारणाने थबकतो. पागा कशी बुडते हे लिहिणाऱ्याला नेमके ठाऊक होते. शत्रू यायच्या आधीच ती कोठीतल्या गैरहिशेबाने बुडू शकते.

सभासदाच्या बखरीत पागेची रचना दिली आहे. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद, असा हिशेब तिथे सापडतो. म्हणजे पाणी आणि खूर ह्यांची सोय स्वारांच्या संख्येबरोबरच ठरलेली. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. स्वतःचा घोडा आणि हत्यार घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार. आज पुण्यामुंबईच्या कडेच्या एखाद्या मोठ्या रायडिंग स्कूलमध्ये गेलात तर साधारण हीच विभागणी दिसेल. काही घोडे संस्थेचे असतात, त्यांच्यावर शिकाऊ मंडळी बसतात. काही खासगी मालकांचे असतात आणि महिन्याचे पैसे भरून तिथे ठेवलेले असतात. तबेलेवाले ह्याला बोर्डिंग म्हणतात. मालक राहतो कोथरूडला किंवा अंधेरीला चौथ्या मजल्यावर. त्याच्या घोड्याला जागा, वैरण, चंदी आणि सईस तबेला पुरवतो. नालबंद, डॉक्टर आणि औषधपाणी ह्यांचा खर्च बहुधा वेगळा पडतो.

हे पुस्तक अशा तबेल्यात घोडेस्वारी शिकू पाहणाऱ्यांसाठी आहे. मूल असो वा पन्नाशीचा गृहस्थ, ज्याच्याकडे स्वतःचा घोडा नाही, नजीकच्या काळात होणारही नाही, पण ज्याला घोडा म्हणजे काय हे मुळापासून समजून घ्यायचे आहे, तो माझा वाचक. पहिली पाच प्रकरणे वैरण, पाणी, खूर, आजार आणि तबेल्यातली रोजची कामे ह्यांना दिली आहेत. मांड कशी बसवावी हे सहाव्या प्रकरणात येते. प्रकाशकांना हा क्रम उलटा वाटला होता. पहिल्याच पानावर उधळलेल्या घोड्याचे चित्र असते तर बरे झाले असते, असे ते म्हणाले. त्यांची अडचण मला समजते. पण घोड्यावर बसणारा दिवसातून तासभर बसतो. उरलेले तेवीस तास तो घोडा कसा जगला त्यावर त्या तासात काय घडणार हे ठरते. हे तेवीस तास शिकाऊ माणसाला जवळून पाहायला मिळतील अशी जागा म्हणजे बोर्डिंगचा तबेला. म्हणून शिकायचे तर तिथे शिकावे, असे माझे मत आहे आणि सगळे पुस्तक त्याच मतावर उभे आहे.

समुद्रकिनाऱ्यावर किंवा थंड हवेच्या ठिकाणी आपण घोड्यावर बसतो तेव्हा घोडा खोगीर चढवूनच समोर येतो. फेरी होते, फोटो होतो, घोडा जातो. पुष्कळशा रायडिंगच्या वर्गांतही वेगळे काही घडत नाही. पाच मिनिटे आधी सईस घोडा आणून देतो आणि तास संपला की लगाम त्याच्या हातात देऊन मुले गाडीत बसतात. वर्षभर असे शिकलेल्या मुलाला दुडकी येते, थोडा कँटरही येतो, पण घोड्याच्या खुराचा तळ त्याने पाहिलेला नसतो. मालकांचे घोडे जिथे राहतात तिथे मात्र घोड्याविषयीचे बोलणे दिवसभर चालू असते. एकीचा घोडा चंदी सोडतो म्हणून ती हरभरा बदलावा म्हणते, दुसरा ओटचे प्रमाण वाढवायला सांगतो, नालबंद ऐरणीवर वाकून दोघांनाही वेड्यात काढतो. रात्री कुणाच्या तरी घोडीचे पोट दुखते आणि डॉक्टर येईपर्यंत तिला कोणी फिरवत असते. शर्यतीतून निवृत्त झालेला तापट थरोब्रेड, आत वळलेल्या कानांची मारवाडी घोडी, लहान मुलांचे तट्टू आणि पाठ थोडी खचलेला पण कुणालाही पाठीवर सहन करणारा म्हातारा घोडा हे सगळे एकाच ओळीत बांधलेले दिसतात. शिकणाऱ्याने नुसते डोळे उघडे ठेवले तरी सहा महिन्यांत त्याच्या पदरात पुष्कळ काही पडते.

मुळात घोडा हा चालता-चालता थोडेथोडे खात राहणारा प्राणी आहे. मोकळ्या कुरणात तो दिवसाचे सोळा तासही चरतो. त्याचे पोट अंगाच्या मानाने लहान, आठ ते पंधरा लिटरचे, आणि त्यात आम्ल सतत तयार होत राहते, खाणे असो वा नसो. गवत खरे पचते ते पुढे, मोठ्या आतड्यात, तिथल्या सूक्ष्म जिवांच्या मदतीने. ह्या जिवांना बदल सोसत नाही. एका दिवसात वैरण बदलली, दाणा एकदम वाढवला, कोठीचे दार उघडे राहून घोड्याने पोटभर धान्य खाल्ले की त्यांचा घोटाळा होतो आणि घोड्याला पोटशूळ उठतो. त्यात घोड्याला उलटी करता येत नाही. अन्ननलिका पोटाला मिळते तिथला स्नायू इतका घट्ट असतो की आत गेलेले वर येत नाही. माणसाला जे ओकून टाकता येते ते घोड्याला पुढेच न्यावे लागते, आणि पुढचा रस्ता अनेक वळणांचा आहे. पोटशूळ तबेल्यातल्या मरणांचे एक प्रमुख कारण आहे ते ह्यामुळे. घोडा पायाने जमीन खरडू लागला, वळून स्वतःच्या पोटाकडे बघू लागला, पुन्हा पुन्हा आडवा होऊन लोळू लागला, लीद थांबली, तर डॉक्टरला फोन करायचा, आणि त्याला सांगायला नाडी किती, श्वास किती, ताप किती हे मोजून ठेवायचे. निरोगी मोठ्या घोड्याची नाडी विश्रांतीत मिनिटाला २८ ते ४४, श्वास ८ ते १६ आणि तापमान ३७.५ ते ३८.५ सेल्सिअस असते. हे आकडे पाठ करण्याचे वय नसते. दहा वर्षांची मुले ते सहज सांगतात.

म्हणून चारशे-साडेचारशे किलोच्या घोड्याला रोज सात-आठ किलो सुकी वैरण लागते, आणि ती दोन वेळेला ढीग टाकून उरकण्यापेक्षा चार-पाच वेळा विभागून देणारा तबेला शहाणा. पाणी पंचवीस ते चाळीस लिटर, उन्हाळ्यात आणि कामावर असताना त्याहून जास्त. आपल्याकडचा हिशेब इंग्रजी पुस्तकांतून तसाच उचलता येत नाही. तिथले हिरवे कुरण इथे आठ महिने नसते. इथे कडबा असतो, सुके गवत असते, मका, लसूणघास आणि गव्हाचा कोंडा असतो. लसूणघास घोड्याला आवडतो म्हणून भारे टाकणारे मालक मी पाहिले आहेत; त्यातले प्रथिन आणि कॅल्शियम कामावर नसलेल्या घोड्याला फार होते. ज्वारीच्या कोवळ्या हिरव्या चाऱ्याबद्दल गाईम्हशीवाल्यांना धास्ती असते. घोडेवाल्यांनी तर त्याच्या वाटेलाच जाऊ नये, कारण त्याने घोड्याला मूत्राशयाचे आणि मागच्या पायांचे विकार जडतात. वैरणीच्या प्रकरणात हे सगळे सविस्तर घेतले आहे आणि ते प्रकरण पुस्तकातले सर्वांत लांब आहे. कंटाळा आला तरी वाचावे.

हवेचेही तसेच. घोडा हा माणसासारखा सर्वांगाला घाम येऊन थंड होणारा प्राणी आहे, आणि कोकणपट्टीच्या दमट हवेत घाम वाळत नाही. थंड देशांतून इथे आणलेल्या काही घोड्यांचे घाम येणेच हळूहळू बंद पडते. अंग कोरडे, श्वास धापांचा आणि ताप चढता. असा घोडा मुंबईत ठेवणे हा त्याच्यावर अन्याय आहे. जे घोडे हवेला रुळले आहेत त्यांनाही एप्रिल-मेमध्ये उजाडल्यानंतर दोन तासांनी काम देऊ नये. रपेट पहाटेची. पावसाळ्यात प्रश्न खुरांचा येतो. ओल्या, लिदीने भरलेल्या जमिनीवर उभे राहून खुराच्या तळचा त्रिकोणी मऊ भाग सडतो, त्याला घाण वास येतो, आणि घोडा लंगडू लागेपर्यंत नवशिक्याला पत्ता नसतो. रोज दोनदा चारही खूर उचलून आकडीने साफ करणे एवढाच त्यावर उपाय आहे. हे काम शिकणाऱ्याला पहिल्याच आठवड्यात द्यावे. पाय उचलायला लावताना घोड्याशी जे बोलावे लागते, अंगाला अंग लावून जसे उभे राहावे लागते, त्यात पुढच्या स्वारीचा अर्धा धडा होऊन जातो.

नालबंद दर सहा ते आठ आठवड्यांनी येतो, कारण खूर महिन्याला साधारण सात-आठ मिलिमीटर वाढत असतो. नाल झिजला नसला तरी तो काढून, खूर कापून, पुन्हा मारावा लागतो. पैसे वाचवायला ही पाळी लांबवणारे मालक पुढे डॉक्टरकडे दसपट भरतात.

आता सईसांविषयी. आपल्याकडे घोड्यावर बसण्याचे शिक्षण इंग्रजीत चालते आणि घोडा सांभाळण्याचे ज्ञान ज्यांच्या हातात आहे ते बहुधा इंग्रजी बोलत नाहीत. ही फट फार जुनी आहे. महालक्ष्मीचे रेसकोर्स १८८३चे. मुंबईतला अमॅच्युअर रायडर्स क्लब १९४२चा. ह्या जगाची भाषा, पोशाख आणि रीत साहेबी, आणि आजही त्यातले पुष्कळसे तसेच आहे. दुसरीकडे पुणे, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर ह्या भागांत मेंढरांमागे फिरणारे धनगर आपला संसार ज्या लहान चणीच्या, काटक घोड्यांवर लादून नेतात त्यांची निगा पिढ्यान्‌पिढ्या कोणत्याही क्लबाविना चालली आहे. भीमेच्या काठचा हा भीमथडी घोडा मराठ्यांच्या फौजांत होता. अलीकडेच त्याची देशी जात म्हणून अधिकृत नोंद झाली, ही उशिरा का होईना चांगली गोष्ट घडली. माथेरानला मोटारींना बंदी असल्यामुळे तिथली कित्येक कुटुंबे घोड्यावर जगतात. सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत आणि नांदेडकडच्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोड्यांचा बाजार भरतो. तिथे जातिवंत जनावर लांबून ओळखणारी माणसे भेटतात. ह्यांच्यापैकी कोणी पुस्तक लिहिलेले नाही. हे मराठीत लिहावे असे मला वाटले त्याचे एक कारण म्हणजे सईस, नालबंद आणि शिकणारे मूल ह्या तिघांना एकाच पानाबद्दल भांडता यावे. सगळे सईस मराठी नसतात, हे खरे. पण मराठी सगळ्यांना कळते.

ह्या परंपरेतले सगळेच घ्यावे असे मात्र नाही. बाजारात घोडा बघताना अंगावरचे भोवरे मोजून शुभ-अशुभ ठरवतात. एखाद्या भोवऱ्यापायी उत्तम घोडीला गिऱ्हाईक मिळत नाही आणि दुसऱ्या भोवऱ्यापायी लंगडा घोडा लाखांत जातो. पांढऱ्याशुभ्र नुकऱ्याला वरातीसाठी मागणी म्हणून त्याच्या खुरांकडे कोणी बघत नाही. बघायचे ते पाय, खूर, दात, श्वास आणि डोळे. भोवरे देवाच्या भरवशावर सोडावेत. आणि नवशिक्याने तर बाजारात नुसती मजा बघायला जावे. वर्ष-दीड वर्ष शिकण्यापूर्वी घोडा विकत घेऊ नये, हा ह्या पुस्तकातला मी सर्वांत ठामपणे दिलेला सल्ला आहे. घोडा घेण्याचा खर्च एकदाच येतो, ठेवण्याचा दर महिन्याला. परीक्षा आली, परदेशवारी आली, हात मोडला, तरी त्या महिन्याची वैरण चुकत नाही.

शर्यतीच्या घोड्याच्या मोहापासून विशेष जपावे. पुण्यामुंबईच्या तबेल्यांत निवृत्त थरोब्रेड स्वस्तात मिळतात, कधी फुकटही, आणि दिसायला ते देखणे असतात. पण त्यांना लहानपणापासून एकच गोष्ट शिकवलेली असते. लगामाचा ताण आला की त्यावर रेलायचे आणि धावायचे. घाबरलेला नवशिका थांबण्यासाठी लगाम ओढतो तेव्हा घोड्याला तो हुकूम उलटा ऐकू येतो. जाणत्या माणसाने वर्षभर मेहनत घेतली तर ह्याच घोड्यांमधून उत्तम उडीचे घोडे तयार होतात. पहिला घोडा म्हणून मात्र ते नकोत.

घोड्याचे मन ओळखण्यासाठी आधी त्याचे डोळे कुठे आहेत ते बघावे. ते डोक्याच्या दोन्ही बाजूंना आहेत, त्यामुळे त्याला जवळजवळ सगळीकडचे दिसते. दिसत नाही ते नाकाच्या अगदी पुढचे आणि शेपटीच्या अगदी मागचे. ह्याच दोन ठिकाणी नवखा माणूस हटकून उभा राहतो. समोरून तोंडावर हात नेतो, किंवा मागून गुपचूप येतो आणि दुगाणी खातो. घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. वाऱ्याने उडालेल्या प्लास्टिकच्या पिशवीत त्याला वाघ दिसतो, आणि त्याच्या बाजूने विचार केला तर तेच शहाणपणाचे आहे, कारण वाघ नाही असे समजणाऱ्यांचा वंश पुढे चालला नाही. खांद्याच्या बाजूने, बोलत-बोलत जावे. कान कुठे वळलेत ते बघावे. दोरी हाताला गुंडाळू नये, कधीही नाही. हाताची बोटे गमावलेली माणसे तबेल्यांत भेटतात. हनुवटीखाली पट्टा असलेले हेल्मेट हवे, आणि बुटाला थोडी टाच हवी म्हणजे पाऊल रिकिबीतून आरपार जाणार नाही.

एक टोचणी स्वतःलाही घ्यावी लागते, धनुर्वाताची. तबेल्याची माती आणि लीद ह्यांत त्याचे जंतू असतात, आणि घोडा स्वतः धनुर्वाताला फार लवकर बळी पडतो, म्हणून त्याचीही लस चुकवायची नाही. इथे थोडे विषयांतर करतो. सर्पदंशावर आपल्याकडे जे प्रतिविष देतात ते घोड्याच्या रक्तातून तयार होते. थोडेथोडे विष टोचून घोड्याच्या शरीरात प्रतिकारशक्ती निर्माण करतात आणि रक्तातला तो भाग काढून घेतात. मुंबईच्या हाफकिन संस्थेत हे काम पूर्वापार चालत आले. पुण्याच्या पूनावाला घराण्याच्या अश्वपैदास केंद्रातले निवृत्त घोडे हाफकिनला जात असत, त्यातूनच आपण स्वतः सीरम का बनवू नये हा विचार निघाला आणि १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. शेतात साप चावून वाचलेला शेतकरी घोड्यावर कधी बसला नसेल, तरी त्याचे घोड्याशी रक्ताचे नाते आहे.

प्रत्यक्ष स्वारीबद्दल इथे थोडेच लिहितो, कारण पुढे नऊ प्रकरणे त्यावरच आहेत. सुरुवात लंजवर होते. शिक्षक मध्ये उभा राहून लांब पट्ट्याने घोडा वर्तुळात फिरवतो, आणि स्वाराच्या हातात लगाम नसतो, पुष्कळदा पाय रिकिबीत नसतात. व्हिएन्नाच्या स्पॅनिश रायडिंग स्कूलमध्ये, जिथे शेकडो वर्षांपासून ही कला शिकवली जाते, नवे विद्यार्थी कित्येक महिने असेच लंजवर काढतात. आपल्याकडे पालक तिसऱ्या दिवशी विचारतात, मुलगा कधी पळवणार? लगामाशिवाय बसायला लावण्याचे कारण साधे आहे. ज्याची मांड पक्की नाही तो तोल सावरायला लगामाला लटकतो, आणि लगामाचे दुसरे टोक घोड्याच्या तोंडात, लोखंडाच्या कडीत असते. तोल कमरेतून आणि मांड्यांतून सांभाळता आला की हात मोकळे होतात आणि मगच ते हलके राहू शकतात. कान, खांदा, कंबर आणि टाच एका उभ्या रेषेत, एवढे लक्षात ठेवून बसावे. बाकी घोडा शिकवतो.

दुडकीत घोड्याचे पाय तिरप्या जोडीने पडतात, पुढचा उजवा आणि मागचा डावा एकदम, मग दुसरी जोडी. त्या दोन ठोक्यांवर उठबस करायला शिकणे ही नवशिक्याची पहिली मोठी झुंज. दहा जणांपैकी नऊ जण आधी पायांच्या जोरावर उठतात आणि दोन मिनिटांत दमतात. घोड्याची पाठच तुम्हाला वर फेकत असते. आपण फक्त तिला अडवायचे नाही आणि खाली येताना धाडकन आपटायचे नाही. ज्या दिवशी हे साधते त्या दिवशी चेहरा बघण्यासारखा असतो. कँटरचा ठेका तीनचा, चौखूर धाव पुन्हा चार ठोक्यांची. त्यांचे काय करायचे ते त्या त्या प्रकरणात.

खेळ म्हणून पुढे जाण्याची इच्छा असलेल्यांसाठी दोन शब्द. १९८२च्या दिल्लीच्या आशियाई खेळांत भारताने घोडेस्वारीत तीन सुवर्णपदके मिळवली; रघुबीर सिंग ह्यांचे इव्हेंटिंगमधले वैयक्तिक सुवर्ण त्यात होते. त्यानंतरचे सुवर्ण मिळायला ४१ वर्षे लागली. २०२३मध्ये हांगचौला झालेल्या स्पर्धेत अनुष अगरवाला, हृदय छेडा, दिव्यकृती सिंग आणि सुदीप्ती हजेला ह्यांनी ड्रेसाजमध्ये सांघिक सुवर्ण जिंकले. हृदय मुंबईचा. ऑलिंपिकमध्ये आजवर मोजकेच भारतीय घोडेस्वार गेले, त्यांत २००० साली सिडनीला गेलेले इम्तियाझ अनीस आणि टोकियोला गेलेला फवाद मिर्झा ही नावे वाचकांना माहीत असतील. ऑलिंपिकच्या ह्या खेळात स्त्रिया आणि पुरुष एकाच स्पर्धेत एकमेकांशी लढतात, आणि आपल्या तबेल्यांत आज मुली पुष्कळ दिसतात, हे मला शुभचिन्ह वाटते. पण हांगचौचे यश युरोपातल्या तबेल्यांत घडले. मोठ्या स्पर्धांच्या सरावासाठी आपल्या स्वारांना तिकडे जाऊन राहावे लागते, त्याचे एक कारण घोड्यांच्या रोगांविषयीचे आंतरराष्ट्रीय नियम. ग्लँडर्ससारखा रोग, जो माणसालाही होतो आणि ज्यात घोडा मारावाच लागतो, तो देशात अधूनमधून डोके वर काढत राहिला तर आपले घोडे बाहेर जाणे अवघड होते. म्हणजे पदकांची गोष्टसुद्धा शेवटी पाण्याच्या सामाईक हौदापाशी, नव्या घोड्याला काही दिवस वेगळे बांधण्यापाशी आणि रक्ततपासणीपाशी येऊन थांबते.

हे पुस्तक वाचून कोणी घोडेस्वार होणार नाही. ते शिक्षक आणि घोडा ह्यांचे काम. पुस्तकाचा उपयोग तबेला निवडताना होईल, आणि तिथे गेल्यावर काय बघायचे, काय विचारायचे हे ठरवताना होईल. फी विचारण्याआधी पाण्याच्या बादल्या बघा. लीद किती वेळा उचलतात ते बघा. दुपारी, कोणी येणार नाही अशा वेळी जा; त्या वेळी घोड्यांपुढे वैरण आहे का, त्यांना एकमेकांचे तोंड दिसते का, रोज थोडा वेळ मोकळे सोडतात का. एकटा आणि रिकामा ठेवलेला घोडा लाकूड चावतो, दारात उभा राहून तासन्‌तास डोलतो. ओळीतले चार-पाच घोडे असे दिसले तर पुढे विचारण्याची गरज नाही. एका घोड्याकडून दिवसाला किती तास काम घेतात, तेही विचारा. सईसांशी बोला, त्यांना तिथे राहून किती वर्षे झाली ते विचारा, कारण ज्या तबेल्यात सईस टिकत नाहीत तिथे घोडेही टिकत नाहीत. तुम्हाला आधी येऊन खरारा करायची, खोगीर स्वतः चढवायची, नंतर घोडा थंड होईपर्यंत चालवायची मुभा आहे का, हे तर विचाराच. नाही म्हणाले तर ती जागा सहलीसाठी ठीक आहे.

आणि एक शेवटचा प्रश्न अवश्य करा. घोडा पंचवीस-तीस वर्षे जगतो, काम फार तर विसाव्या वर्षापर्यंत करतो. तुमच्याकडच्या म्हाताऱ्या घोड्यांचे पुढे काय होते? चांगला तबेलेवाला तुम्हाला मागच्या कुंपणाकडे नेऊन ते घोडे दाखवील. उत्तर द्यायला जो टाळाटाळ करील त्याच्याकडे पैसे भरू नका.